खिडकीतून गेलेली हद्द

कफ्र-लोज गावात खरं बोलणारी माणसं नव्हती असं नाही. होती की! पण प्रत्येकाचं खरं आपापल्या सोयऱ्यांच्या बांधापर्यंत येऊन थांबायचं. मामाच्या शेताची हद्द विचारली की भाच्याला कमी दिसायला लागायचं, सासऱ्याच्या शेताचा विषय निघाला की जावयाला खोकल्याची उबळ यायची. म्हणून हद्दीचा तंटा उभा राहिला की सगळं गाव एकाच माणसाच्या दारात जायचं, आणि त्या माणसाला एरवी गावातलं कोणी जेवायला बोलवत नसे. त्याचं नाव ओकाब.

ओकाबवर गावाचा विश्वास होता, कारण त्याचं कोणाशीच पटत नव्हतं. वरच्या आळीशी त्याचं पाण्यावरून वाजलेलं, खालच्या आळीशी शेळ्यांवरून, सख्ख्या साडूशी एका म्हाताऱ्या गाढवावरून, आणि मशिदीतल्या शेखशी, प्रवचन लांबवतो म्हणून. इतका सारखा वाटून राग धरणारा माणूस अख्ख्या अजलूनच्या डोंगरात दुसरा सापडला नसता. ‘तो खरं बोलतो’ असं कोणी म्हणत नसे. ‘तो खोटं बोलेल तरी कोणासाठी?’ असं म्हणत.

आमच्याकडची रीत अशी. दोन्ही बाजू कबूल झाल्या की हद्द चालणारा माणूस तंट्यातल्या शेताची ओंजळभर माती आपल्या रुमालात बांधतो, पुरचुंडी डोक्यावर ठेवतो, अल्लाची शपथ घेतो आणि एका टोकाकडून चालायला लागतो. मध्ये बोलायचं नाही, थांबायचं नाही, मागे वळून बघायचं नाही. पाऊल पडेल तिथे हद्द. दुसऱ्याची वीतभर जमीन जो खाईल, त्याच्या गळ्यात कयामतीच्या दिवशी सात थर खालपर्यंतची माती लटकेल, हे आमच्याकडे पोराला चालायला येण्याआधी सांगतात. त्यामुळे हद्द चालायला कोणी आपण होऊन पुढे येत नसे. वीतभर खाल्ली नाही असा गावात होता कोण?

ओकाब मात्र ऐटीत चालायचा. एकदा उक्ला आणि हम्दान या दोन घराण्यांची हद्द चालताना नेमका वाटेत एका मीठवाल्याचा उंट बसलेला निघाला. ओकाबला थांबता येईना, बोलता येईना, आणि उंटाला उठायची इच्छा होईना. ओकाबने उंटाला वळसा घातला आणि पुढे गेला. झालं! पाऊल पडेल तिथे हद्द. मीठवाला गेला, उंटही पुढे कुठेतरी कापून खाल्ला असेल, पण त्या दोन शेतांमधला बांध अजून त्या जागी पोट काढून आहे. दोन्ही घराणी दरवर्षी नांगर घेऊन त्या नसलेल्या उंटाला वळसा घालतात आणि वळसा घालताना ओकाबच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. ओकाबचं म्हणणं एवढंच, की उंट त्यांनी हाकलायला हवा होता.

मग सरकारला जमीन मोजायची लहर आली. सॉल्ट शहराहून याकूब एफेंदी नावाचा मोजणीदार आला. डोक्यावर लाल तर्बूश टोपी, धुळीने पांढरे झालेले बूट, तीन पायांची दुर्बीण, लोखंडी साखळी आणि ती ओढायला दोन दणकट गडी. माणूस हुशार होता, आणि हुशार असून गप्प बसायचा, म्हणून गावाला तो जरा संशयास्पद वाटला. पोरांना वाटायचं दुर्बिणीतून हद्द दिसते. मोठ्यांनाही तसंच वाटायचं, पण ते विचारत नसत. याकूब एफेंदी सांगायचा, “दुर्बिणीतून काही दिसत नाही, बाबांनो. तुम्ही बोट दाखवाल ती जागा मी कागदावर उतरवतो. बोट कुठे दाखवायचं, हीच तर सगळी भानगड आहे.”

पहिल्यांदा तो जुने दस्त बघायचा. तुर्कांच्या अमलातले दस्त. त्यात लिहिलेलं असे: उत्तरेला रस्ता, पूर्वेला हसनचे वारस, दक्षिणेला खरनूबचं झाड, पश्चिमेला डोंगर. रस्ता म्हणजे गाढवं जातील ती वाट, आणि गाढवं दर पावसाळ्यानंतर नवी वाट काढतात. खरनूबचं झाड कोळशासाठी कधीच तुटलेलं. हसनचे वारस म्हणाल तर निम्मं गाव. डोंगर तेवढा जागेवर होता. दस्त परत करून याकूब एफेंदी जमिनीवरच्या खुणा बघायचा: दगडांच्या राशी, खडकावर छिन्नीने कोरलेली रेघ, जुना बांध. त्यातूनही जमलं नाही तर नांगर कोण घालतो, ऑलिव्ह कोण झोडपतो, ते शेजाऱ्यांना विचारायचा. शेजारी अर्थातच बरोब्बर आपल्या सोयीचं सांगायचे. आणि काहीच उरलं नाही, की हद्द चालणारा.

या सगळ्या खुणांमध्ये आमच्याकडची सगळ्यात मानाची खूण म्हणजे रानकांदा. बांधावर ओळीने रानकांदे लावतात. विषारी, म्हणून शेळी तोंड लावत नाही. गड्डा खोल जातो, म्हणून नांगराला दाद देत नाही. पहिल्या पावसाआधी सगळं रान करपून गेलेलं असताना या कांद्याचे पांढरे तुरे छातीएवढे वर येतात, आणि डोंगरावरच्या सगळ्या हद्दी लांबूनच दिसतात. मोजणीदाराला आणखी काय हवं!

म्हणूनच गावाच्या मुख्तारने, म्हणजे आमच्या गावप्रमुखाने, फुलं येण्याआधीच कांदे हलवले होते.

मुख्तारचं नाव दह्हाम. त्याची वरची जमीन फिद्दाच्या जमिनीला लागून, आणि हद्दीजवळ खडकात कोरलेलं पाण्याचं टाकं. ते टाकं फिद्दाचं. फिद्दा विधवा बाई, शेळ्या आणि अंजिराची झाडं एवढाच तिचा संसार. आमच्याकडे उन्हाळ्यात ज्याचं टाकं तो जगतो. टाकं गेलं असतं तर फिद्दाला शेळ्या काढून टाकून मुलीच्या सासरी कोपऱ्यात पथारी टाकावी लागली असती, आणि ती सासू कशी होती ते अख्ख्या डोंगराला ठाऊक होतं. दह्हामने एका पावसाळ्यात माणसं लावून रानकांद्यांची अख्खी ओळ उपटली आणि टाक्याच्या पलीकडे, फिद्दाच्या बाजूला, नेऊन लावली. फिद्दा तेव्हा मुलीच्या बाळंतपणाला गेली होती. परत आली तो टाकं मुख्तारच्या शेतात! नंतर फुलं आली. सुरेख आली. मुख्तार येईल त्याला ती फुलं कौतुकाने दाखवायचा.

आता गंमत अशी, की ही फिद्दा ओकाबची सख्खी बहीण.

आणि तिच्यावर ओकाबचा जो राग होता, त्यापुढे साडू, शेख आणि गाढव किरकोळ. बाप मेल्यावर आमच्याकडे बहिणी आपला वाटा भावाला ‘खुशीने’ सोडतात. बदल्यात ईदेला एक कपडा आणि माहेरी डोळे पुसायला एक खांदा मिळतो. फिद्दा म्हणाली, कपडा माझ्याकडे आहे, मला जमीन हवी. अजलूनच्या काझीकडे जाऊन तिने आपला वाटा मोजून घेतला. गावातल्या सगळ्या भावांना त्या दिवशी घाम फुटला. ओकाबने बहिणीशी बोलणं टाकलं ते टाकलंच. काही सांगायचंच झालं तर तो तिच्या शेळीला सांगायचा आणि ती त्याच्या भिंतीला. त्याच वर्षी त्याने आपल्या वाट्यात, बहिणीच्या हद्दीला अगदी खेटून, रागारागात घर बांधलं. तिने रोज बघावं आणि जळावं म्हणून. ती बघायची, पण जळल्याचं कोणी पाहिलं नाही.

याकूब एफेंदी या हद्दीवर आला तेव्हा दह्हामने त्याला हाताला धरून फुलांच्या ओळीपाशी नेलं. “बघा एफेंदी, आजोबांच्या हातचे कांदे! सरळ रेघ!”

एफेंदीने कुदळ मागितली. एका कांद्याच्या बाजूने खणलं. वितीवर गड्डा लागला, आणि गड्ड्याखाली भुसभुशीत माती. दुसरा खणला, तिसरा खणला. मग कुदळ गड्याकडे देत तो म्हणाला, “मुख्तारसाहेब, जुना रानकांदा हातभर खाली बसलेला असतो. तुमच्या आजोबांना वारून किती दिवस झाले?”

“डुकरांनी उकरले असतील,” दह्हाम म्हणाला.

“आणि परत लावले? ओळीत?”

दह्हामने आकाशाकडे पाहिलं. आमचा मुख्तार अडचणीत आला की धार्मिक व्हायचा.

कांदे हललेत हे तर ठरलं. पण कुठून हलले? वरच्या टोकाला खडक होता, त्यावर छिन्नीची रेघ होती, तिच्याबद्दल कोणाचं दुमत नव्हतं. खालच्या टोकाला पूर्वी पांढरा दगड होता, तो ओढ्याच्या पुरात गेला. फिद्दाच्या वाटणीच्या वेळी खडकापासून दगडापर्यंत एकच दोर ताणला, दोराच्या एका अंगाला फिद्दा, दुसऱ्या अंगाला वर मुख्तार आणि खाली ओकाब; तेव्हा तिथे हजर असलेल्या पुरुषांपैकी जिवंत एकच होता. ओकाब. म्हणजे हद्द त्यानेच चालायची. दह्हामला मनातून गुदगुल्या झाल्या. त्याने फिद्दाकडे बघत मोठ्याने विचारलं, “काय बाई, ओकाब चालला तर तुला चालेल?”

सगळ्यांना वाटलं, ही आता छाती पिटणार. फिद्दा म्हणाली, “तोच हवा. दुसरा कोणी असेल तर मी कबूल नाही.”

“अगं, तो तुझं तोंड बघत नाही!” शेजारची बाई कुजबुजली.

“मला तोंड कुठे दाखवायचंय? पाय त्याचे आहेत ना, तेवढे बास.”

दुसऱ्या दिवशी दुपारी दह्हाम ओकाबच्या घरी आला. मुख्तार आपल्या पायाने त्या दारात पहिल्यांदाच येत होता. ओकाबची बायको उम्म-शिब्ली कॉफी घेऊन आली. दह्हामने पेला घेतला आणि न पिता समोर जमिनीवर ठेवला. आमच्याकडे पाहुण्याने असा पेला ठेवला की समजायचं, काहीतरी मागायला आलाय. यजमानाने ‘पी बाबा, तुझं काम झालं’ म्हणेपर्यंत तो पीत नाही, आणि पाहुण्याची कॉफी थंड होऊ देणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार आपटण्यासारखं.

“बोल,” ओकाब म्हणाला.

“मागणं काहीच नाही रे! उद्या तू फुलांच्या बाजूने चाल. फुलं आहेतच तिथे, बिचारी. लोकांनाही बरं वाटेल.”

“आणि दोर ताणला होता तो?”

“दोर कोणाला आठवतोय? बरं, मी तुझ्याच भल्यासाठी सांगतो, ओकाब. आज सकाळी मी त्या खडकावर उभा होतो. तिथून टाक्याच्या माझ्याकडच्या कडेवरून सरळ बघितलं, तर माहितीय काय दिसतं? तुझं दार. दोर जिथून गेला होता तिथून तू चाललास, तर तुझं अर्धं घर फिद्दाच्या जमिनीत जातं. फुलांकडून चाललास तर रेघ घराच्या बाहेरून जाते. मी खूश, तू खूश. विचार कर.”

उम्म-शिब्लीच्या हातून ताट निसटलं. ओकाब उठला, बाहेर पडला आणि टेकडी चढून थेट खडकापाशी गेला. त्या खडकावरून आपल्या घराकडे त्याने कधी पाहिलंच नव्हतं. आपलं घर लांबून बघायला कोण जातो? रेघेवर हनुवटी टेकवून त्याने एक डोळा मिटला. टाक्याची कड, खालचं अंजीर, आणि अगदी समोर त्याचं दार, दाराच्या आरपार चुलीवरची खिडकी. रागात बांधलेलं घर, राग मावेना म्हणून हद्दीपलीकडे गेलं होतं. त्या घरात त्याची पोरं वाढली होती, तिथूनच एकेक करून निघून गेली होती, आणि या वयात दुसरं घर बांधायची त्याच्यात ताकद नव्हती. तो खडकावर बराच वेळ बसून राहिला. आपल्याला रडू येतंय हे त्याच्या लक्षात आलं, तेव्हा त्याला त्याचाही राग आला.

परत आला तेव्हा दह्हाम तसाच बसलेला होता, पेलाही तसाच.

“मग? पिऊ?” दह्हामने विचारलं.

ओकाबने पेल्यात वाकून पाहिलं. “थंड झाली. राहू दे. नाहीतरी आमच्याकडची कॉफी काही फार चांगली नसते.”

दह्हाम लालबुंद होऊन निघून गेला. उम्म-शिब्लीने दार लावलं आणि नवऱ्यावर तुटून पडली. “अरे मेल्या, माझी चूल त्या बाईच्या जमिनीत घालतोस? ज्या बाईचं तू नाव घेत नाहीस?”

“मी काय घालतोय? दोर गेला होता तिथून.”

“उंटाला वळसा घातलास ना? मग घराला घाल! आपलं घर काय उंटापेक्षा गेलं?”

ओकाबलाही हे सुचलं नव्हतं असं नाही. “उंटाच्या वेळी त्या दोन घराण्यांपैकी एकाचंही डोकं जागेवर नव्हतं,” तो म्हणाला. “इथे दह्हाम टपून बसलाय. रेघ खडकापासून सरळ गेली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. दारापाशी एक पाऊल वाकडं पडलं की तो म्हणेल, अख्खी चालच वाकडी. मग राहतील फुलं, आणि टाकं त्याचं.”

“जाऊ दे की टाकं! तुझ्या बहिणीचं आहे, तुझं नाही!”

“म्हणूनच जाऊ देता येत नाही, बाई!” ओकाब ओरडला, आणि आपण काय बोललो हे त्याचं त्यालाच ऐकू आलं.

हद्द चालायच्या दिवशी सगळं गाव टेकडीवर जमलं. ज्यांना ऑलिव्हच्या झाडाखाली झाडायला वेळ नव्हता तेही आले. फिद्दा आपल्या शेळ्यांजवळ उभी होती, काठीवर दोन्ही हात ठेवून. याकूब एफेंदीने खडकावर दुर्बीण लावली. ओकाबने फिद्दाच्या शेतातली माती रुमालात बांधली, डोक्यावर ठेवली, शपथ घेतली आणि चालायला लागला. मागून साखळीवाले गडी, पावला-पावलाला लाकडी खुंट्या ठोकत.

ओकाब फुलांकडे फिरकलाही नाही. टाक्याच्या मुख्तारकडच्या कडेवरून तो सरळ खाली उतरला. टाकं फिद्दाचं झालं. बायकांनी आनंदाची ललकारी सुरू केली, दह्हामने आकाशाकडे पाहिलं. आता हा डावीकडे वळेल, घर टाळेल, असं सगळ्यांनाच वाटत होतं. दह्हामला तर तशी खात्री होती. तोंड उघडून तो तयारच होता.

ओकाब वळला नाही. तो आपल्या दारात शिरला.

उम्म-शिब्ली कणीक मळत होती. “पाय! पाय पूस आधी! काल सारवलंय!” तिने हंबरडा फोडला. ओकाबला बोलायची मुभा नव्हती. तो कणकेच्या परातीवरून लांब टांग टाकून गेला, गादीवरून गेला, धान्याच्या कणगीला घासून गेला. मागून साखळीवाले. त्यातला एक बिचारा ‘माफ करा मावशी’ म्हणत सारवलेल्या जमिनीत खुंटी ठोकायला लागला, तेव्हा उम्म-शिब्लीने लाटणं उचललं. संसाराला लागल्यापासून पहिल्यांदाच नवरा उलट बोलणार नव्हता. तिने ती संधी सोडली नाही. गाढवाच्या भांडणापासून सुरू करून ती त्याच्या आईच्या स्वयंपाकापर्यंत पोचली. ओकाब चुलीवर चढला, डोक्यावरची पुरचुंडी एका हाताने धरून खिडकीत घुसला आणि कमरेशी अडकला.

बाहेरून गावाला त्याचं डोकं, माती आणि एक हात दिसत होता. आत उम्म-शिब्लीला बाकीचं दिसत होतं. थांबायचं नाही हा नियम. पण अडकणं म्हणजे थांबणं का, यावर बाहेर शेखने लगेच मत द्यायला सुरुवात केली. मत पुरं व्हायच्या आत आतून उम्म-शिब्लीने खांदा लावून जोरात ढकललं. रागाने ढकललं की मदत म्हणून, ते तिने कधीच सांगितलं नाही. ओकाब धाडकन बाहेर पडला, उठला, आणि ओढ्यापर्यंत सरळ चालत गेला. माती सांडली नव्हती.

कोणी हसलं नाही. हसायची तयारी सगळ्यांनी केली होती, पण जमलं नाही. आपलं घर आपल्याच पायाने कापत गेलेला माणूस कफ्र-लोजने आधी पाहिलेला नव्हता. बऱ्याच जणांना आपापले बांध आठवले असावेत, कारण त्या दिवशी लोक लवकर घरी गेले.

संध्याकाळी तुतीच्या झाडाखाली याकूब एफेंदीने नकाशा काढला आणि फिद्दाला बोलावलं. ओकाब जवळच बांधावर बसून गुडघा चोळत होता. दह्हामही होता, टाकं गेलं तरी माणूस अजून उठून जात नव्हता.

“बाई, टाकं तुमचं,” एफेंदी म्हणाला. “आणि हे अर्धं घरही तुमच्या जमिनीत येतं. चूल, कणगी आणि निम्मी गादी. आता मला लिहावं लागतं, की तिथे राहणारा कोणत्या हक्काने राहतो. भाडेकरू म्हणून, की अतिक्रमण म्हणून? अतिक्रमण लिहिलं, तर तुम्हाला ते पाडून घेता येईल.”

“अतिक्रमणच!” दह्हाम पुढे झाला. बायकांच्या हक्काबद्दल त्याला इतकं कळकळून बोलताना गावाने प्रथमच ऐकलं. “उघड अतिक्रमण! बाई, घाबरू नकोस, मी साक्षीला उभा राहतो!”

फिद्दाने त्याच्याकडे पाठ केली. मग एफेंदीला म्हणाली, “भाऊ लिही.”

“काय?”

“माझा भाऊ आहे. भाऊ म्हणून राहतो. लिही तसं.”

“बाई, असा हक्क आमच्याकडे नसतो. भाडेकरू असतो, अतिक्रमण असतं…”

“नसतो ना? मग घाल. एवढी मोठी दुर्बीण घेऊन आलास, एक शब्द घालता येत नाही?”

याकूब एफेंदीने तिच्याकडे पाहिलं, ओकाबकडे पाहिलं, आणि लिहिलं. फिद्दाने अंगठा उमटवला. ओकाब मान खाली घालून तसाच बसला होता. जवळ बहिणीची शेळी होती, तिच्याकडे त्याने एकदा बघितलं. पण मग मान वर केली आणि थेट फिद्दाला म्हणाला, “छत गळतं तुझं. चुलीवरचं.”

फिद्दाचे डोळे भरून आले, पण आवाज तसाच खणखणीत राहिला. “गळणारच. रागात बांधलंस, मातीत पेंढा घातला नसशील. उद्या येते मी लिंपायला. आणि तेवढी गादी सरकव, तुझे पाय माझ्या जमिनीत येतात.”